खूण न करणाऱ्या अक्का

धुळे-जळगाव महामार्ग चौपदरी होणार होता, त्या दिवसांत दुतर्फाच्या कडुनिंबांवर आणि वडांवर आकडे पडले होते. सालीचा एक चौकोन तासून काढलेला आणि त्यावर पिवळ्या रंगात नंबर. फेगडे अक्का एसटीत खिडकीशी बसलेल्या असल्या की पारोळा सुटल्यापासून एरंडोल येईपर्यंत डोळे मिटून घेत. मला वाटायचं, झोप लागली. एकदा त्यांच्या मांडीवरून घसरणारी पिशवी सावरायला मी हात पुढे केला, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "जागी आहे मी. ज्यांचा निकाल लागलाय त्यांच्याकडे बघवत नाही."

झाडावरची खूण ही त्या बाईंची एकमेव दुश्मन होती. सापाला त्या भीत नसत, साहेबाला भीत नसत. पण गावाच्या वेशीवर कुणी हौसेने बाभळीला चुना फासलेला दिसला, की चालता चालता थांबत आणि आजूबाजूला बघत, जणू खूण करणारा अजून तिथेच कुठे तरी उभा आहे.

अक्कांना जाऊन आता वर्ष होत आलं. चोपड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्यांच्यावर वर्तमानपत्रात जे चार ओळींचं आलं, त्यात त्यांना 'वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आणि निसर्गप्रेमी' म्हटलं होतं. अक्कांनी ते वाचलं असतं तर 'निसर्गप्रेमी'वर काट मारली असती. "प्रेम बिम काही नाही," त्या म्हणायच्या, "मी मास्तरीण आहे. वर्गात कोण आहे, कोण नाही, एवढंच बघते."

मी धुळ्यातल्या एका लहान छापखान्याच्या मागच्या खोलीत वाढले. वडील हमालांची, शेतमजुरांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापत. मला अक्षरओळख झाली तीच मुळी 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' या ओळीवर. सादडदरीचा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आधी मनात पत्रकाचा मथळा तयार झाला आणि मग दरी पाहायला गेले. अक्कांनी पहिल्या भेटीत माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तू रोज अशीच बोलतेस, की आज काही सभा आहे?" तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी 'पत्रक' झाले. "ए पत्रक, डबा उघड." "पत्रक, आवाज बारीक कर, झाडावरचा तांबट ऐकू येत नाही."

प्रश्न सरळ होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या एका पाड्याच्या मागे ही दरी. जुन्या सादड वृक्षांनी भरलेली, म्हणून सादडदरी. दरीच्या तोंडाशी खडीच्या खाणीसाठी अर्ज पडला होता. नरडाण्याकडे कारखाने वाढत होते, रस्ते रुंद होत होते, आणि त्या सगळ्यांना खडी हवी होती. खाण अडवायचा एकच मार्ग दिसत होता: दरी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेणं. त्यासाठी दरीत काय काय जगतं ते मोजून, लिहून, सिद्ध करून द्यायचं. राखीव क्षेत्र झालं तर खाण नाही. नाही झालं तर डोंगराला सुरुंग. हे काम अक्कांनी निवृत्तीनंतर, गुडघे दुखत असताना, एका पैशाशिवाय अंगावर घेतलं होतं.

कामाला जाणं म्हणजे 'हजेरीला जाणं'. सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. आणि कमरेला खोचलेलं सुतळीचं बिंडं. खोडाचा घेर त्या सुतळीने मोजत, आकडा सांगत आणि लगेच सुतळी सोडवून घेत. झाडावर काहीही ठेवायचं नाही. मोजलेलं झाड आणि न मोजलेलं झाड पाठीमागून येणाऱ्याला सारखंच दिसलं पाहिजे, हा नियम. मी एकदा वाट सापडावी म्हणून फांदीला ओढणीची चिंधी बांधली, तर परत जाऊन ती सोडवून आणायला लावली. उन्हात, चढावर, भुकेल्या पोटी.

"वाट लक्षात ठेवायची असते, पत्रक. बांधून ठेवायची नसते."

झाडांची हजेरी मात्र पक्की वर्गातली. "अंजन?" "हजर." "मोई?" "हजर." "सालई?" मोठमोठ्याने नाही, पुटपुटत. पक्ष्यांची वेगळी, फुलपाखरांची वेगळी. आणि जे दिसायला हवं होतं पण दिसलं नाही, त्याला त्या कधीही 'नाही' म्हणत नसत. "गैरहजर," म्हणत. मी विचारलं होतं, काय फरक? म्हणाल्या, "नाही म्हटलं की नाव कमी करता येतं. गैरहजर म्हटलं की कारण विचारावं लागतं."

त्या हिवाळ्यात गैरहजरांची संख्या वाढत होती. अक्का कारणं विचारत होत्या आणि दरी उत्तर देत नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी येऊन दगडाचे नमुने काढून गेलं होतं. खडकात गोल, गुळगुळीत, पुरुषभर खोल भोकं होती. त्यांत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात एकही किडा नव्हता. अक्कांनी त्यात बोट बुडवलं, हुंगलं आणि पदराला पुसलं.

एक हजेरी मात्र कधी चुकत नसे. दरीच्या मध्यावर एक म्हातारा सादड होता, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, अर्धा वठलेला. त्याच्या ढोलीत रानपिंगळ्याची जोडी होती. हे घुबड दिवसाढवळ्या वावरतं. फांदीवर बसून गोल डोळ्यांनी सरळ तुमच्याकडे बघतं, शेपटी झटकतं, आणि तुमचं काही महत्त्व नाही असं ठरवून तोंड फिरवतं. फार थोड्या जंगलांत ते उरलंय. सगळ्या प्रस्तावाचा कणा म्हणजे ती जोडी होती. अक्का सादडाखाली उभ्या राहून वर न बघता विचारत, "प्राचार्य आहेत का?" वरून शेपटी हलली की पुढे चालू लागत.

पाड्यावर आमचा मुक्काम सुरसिंग आबांच्या ओसरीवर. आबा पाड्यातले वडीलधारे. तरुणपणी सरकारी कूपात, म्हणजे जंगलखात्याच्या तोडीवर मजुरी केलेले. अक्कांची आणि त्यांची जुनी चेष्टामस्करी.

"अक्का, तुम्ही झाडंच मोजतस. माणसं कधी मोजशात?"

"माणसं मोजायला निवडणुकीवाले येतात की, आबा."

"ते बी पाच वरीसमा एकदा. तुम्ही तरी महिनाम्हा येतस." मग हसू जिरवून आबा तोच प्रश्न विचारत, दर वेळी, चहाचा कप खाली ठेवताना: "राखीव व्हयी तं आम्हले आठून काढतीन का?"

"माझ्या हातून जो कागद जाईल त्यात पाडा जागेवर असेल," अक्का म्हणत. त्यांनी हे कधी ठणकावून सांगितलं नाही. दर वेळी त्याच आवाजात सांगितलं, आणि आबा दर वेळी मान डोलावत, पण पुढच्या खेपेला पुन्हा विचारत.

खूण न करण्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, ओढ्यातल्या खडकावर बसून, भाकरी मोडता मोडता. त्यांचं माहेर पहूरचं. पहिली नोकरी दोंडाईच्याला. तरुण होत्या, उत्साह होता. शिरपूरच्या उत्तरेकडच्या जंगलात मुलामुलींना घेऊन गेल्या आणि अभ्यासासाठी उत्तम, सरळ, जुने अंजन निवडून प्रत्येकाला गेरूचा पट्टा मारला. सुट्टीनंतर पुन्हा गेल्या तेव्हा पट्टेवाले तेवढे गेलेले. बुंधे उरले होते आणि काहींवर कुऱ्हाड पट्ट्याच्या मधोमध चाललेली, त्यामुळे अर्धा पट्टा बुंध्यावर राहिलेला. ओंडके बैलगाडीत भरणारा एक माणूस तिथेच होता. तो पळाला नाही. उलट ओळखीचं हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही काम सोपं करी दिधं."

"चोर असता तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. "तो चोर नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की पट्टा मारलेलं झाड तोडायचंच असतं. या डोंगरात झाडाला हात लावणारा शिकलेला माणूस दुसऱ्या कशासाठी आलाच नव्हता कधी."

माझ्या हातात भाकरी तशीच राहिली होती. मग म्हणाल्या, "खा, पत्रक. मुंग्या लागतील."

प्रस्ताव वर सरकला आणि वरून अट आली. मोजणी पडताळता आली पाहिजे. तपासणीला येणाऱ्यांना तीच झाडं पुन्हा सापडली पाहिजेत. म्हणून दरीत कायमचे नमुना-तुकडे आखा आणि त्यांतल्या प्रत्येक मोठ्या झाडाला छातीच्या उंचीवर पांढरा ऑइलपेंटचा पट्टा मारा. हे सांगायला एक तरुण आला, समीर. ज्या संस्थेकडे अहवालाचं काम दिलं होतं तिचा. मी त्याच्यावर तुटून पडले. वातानुकूलित खोल्या, परदेशी बूट, काय काय बोलले. अक्कांनी मला हाताने थांबवलं.

"त्याला बोलू दे. त्याचा काय दोष?"

समीर खरोखर कळवळून बोलत होता. "अक्का, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण खाणवाल्यांचा वकील विचारेल, झाडं दाखवा. तेव्हा शब्द दाखवता येत नाही. पट्टे नसतील तर प्रस्ताव पडतो, आणि रांगेत पुढचा अर्ज खाणीचा आहे."

अक्का उठून ओसरीच्या टोकाशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडी माहेरची भाषा आली होती; ती त्यांना फार राग आला किंवा फार हरल्यासारखं वाटलं, की येई. "आण तो डबा. मारायचाच आहे तं पयला पट्टा माह्या हातानं मारीन."

पहिला पट्टा त्यांनी म्हाताऱ्या सादडाला मारला. मगरीसारख्या सालीच्या भेगाभेगांत कुंचला फिरवून, एकही फट न सोडता, वर्गात फळ्यावर रेघ आखावी तसा. वर फांदीवर रानपिंगळा बसला होता. त्या दिवशी त्याने तोंड फिरवलं नाही. तो बघत राहिला. मला ते आवडलं नाही, पण हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आम्ही शकुन-अपशकुन न मानणाऱ्या घरातले.

आबा काठी टेकत आले. पट्ट्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. "कूप लागना का, अक्का?"

अक्कांनी त्याच संध्याकाळी पाडा गोळा केला. बाया, म्हातारे, पोरं. समजावून सांगितलं: हा पट्टा तोडीचा नाही, राखायचा आहे. पट्ट्याच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं. एका बाईने तर उठून तेच पुन्हा पावरीत सांगितलं. अक्कांनी प्रत्येकाकडून 'हो' म्हणवून घेतलं. वर्ग पूर्ण होता असं आम्हाला वाटलं.

पण पाड्यातले कर्ते पुरुष त्या सभेत नव्हतेच. ते दसऱ्यानंतरच ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, दरवर्षी जातात तसे. ते परततात होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराला. ढोल, नवे कपडे, चांदीचे दागिने, जत्राच ती. आणि हातात उसाचे पैसे संपत आलेले असतात, पुढचं काम नसतं.

भोंगऱ्या उलटल्यावर आम्ही गेलो. पाड्याच्या अलीकडेच ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या, खोल रुतलेल्या, भरलेल्या ट्रॉलीच्या. अक्का भराभर चालू लागल्या. दरीत उजेड जास्त होता. तोच आधी जाणवला. जिथे भरदुपारीही सावलीतून जावं लागे तिथे जमिनीवर ऊन पडलं होतं, पांढरं, सपाट, आणि त्या उन्हात बुंधे. खालचे दोन नमुना-तुकडे संपले होते. म्हातारा सादड पडला तेव्हा त्याच्या ढोलीचं तोंड जमिनीत दाबलं गेलं असावं. वठलेला पोकळ भाग लाकूड म्हणून निरुपयोगी, तो तिथेच टाकून दिला होता. आत वाकून बघायला मी धजले नाही. अक्कांनी बघितलं. गुडघ्यांवर बसून, हात घालून. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत काय होतं ते त्यांनी मला दाखवलं नाही. पदराच्या टोकात बांधलं.

सुरसिंग आबांचा मुलगा भावसिंग आमचा आवाज ऐकून आला. भोंगऱ्याचा नवा शर्ट, तोंडावर हसू. ठेकेदाराने पाड्यावर येऊन सांगितलं होतं, सरकारी कूप लागलाय, साहेबांनी पट्टे मारलेत, रोजी रोख. पुरुषांनी जाऊन पाहिलं, पट्टे होते. आबांनी अडवायचा प्रयत्न केला होता, पण म्हाताऱ्याच्या तोंडून 'अक्का म्हणे' एवढंच निघालं, आणि कागद दाखवणारा ठेकेदार समोर होता. कुठला कागद, देव जाणे.

भावसिंगला आमच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकल्याचं कळलं. पण काय, ते कळेना. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "अक्का, पट्टा नही त्या एक बी झाडले हात लावा नही आम्ही. एक फांदी बी नही. बठ्ठी पट्टावाली झाडंच तोडी. तुम्ही दखी ल्या."

खरं होतं. इतकी नेटकी, इतकी प्रामाणिक तोड मी पाहिली नाही. पट्टेवाल्या झाडाला खेटून उभा असलेला कोवळा मोई खरचटलासुद्धा नव्हता.

मला ओरडायचं होतं. अक्का भावसिंगवर ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याचा हात धरला आणि एकेका बुंध्यापाशी नेलं. "अंजन," म्हणाल्या. थांबल्या. पुढच्या बुंध्यापाशी: "मोई." पुढच्या: "सालई." हजर म्हणायला कुणी नव्हतं, आणि गैरहजरही त्या म्हणाल्या नाहीत. सादडापाशी पोचेपर्यंत भावसिंग रडत होता.

जंगलखात्याच्या तालुक्यातल्या कार्यालयात मी बरोबर होते. टेबलामागच्या माणसाने पाणी मागवलं, पंखा वाढवला, मग विचारलं, "मार्किंग कोणी केलं?"

"मी," अक्का म्हणाल्या.

"परवानगीनं?"

"तुमच्याच अटीनं."

"आणि तोड कोणी केली?"

"तोडणाऱ्याचं नाव मला माहीत आहे. तोडवणाऱ्याचंही माहीत आहे. दोन्ही लिहाल?"

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. "बाई, ठेकेदाराचं नाव कुठं कागदावर आहे का? पुराव्याशिवाय कसं लिहू? मजुराचं सांगा, लगेच गुन्हा दाखल करतो."

"मग राहू द्या," अक्का म्हणाल्या. "एकटं ते नाव नाही मिळायचं."

बाहेर पायऱ्यांवर मी फुटले. तिथल्या तिथे पत्रक काढते म्हणाले, ठेकेदाराचं नाव मोठ्या टाइपात, प्रत्येक बाजारात वाटते. अक्का पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. "वाट ना, जरूर वाट पत्रकं," म्हणाल्या. "पण ते छापून होईपर्यंत वरचे तुकडे राहतील का? होळी झाली की ट्रॅक्टर परत येणार."

तो प्रश्न होता. दरीच्या वरच्या अंगाला अजून नमुना-तुकडे उभे होते, पांढरे पट्टे घेऊन. आबांना सांगून पाड्याने नकार दिला असता, तर ठेकेदाराने दुसऱ्या गावची माणसं आणली असती. पट्टा सगळ्या गावांना वाचता येतो. आधी आम्ही रंग खरवडून पाहिला. सालीसकट निघायला लागला आणि खाली जी ओली, तासलेली जागा उघडी पडली ती पट्ट्यापेक्षा वाईट दिसली. हुबेहूब महामार्गावरच्या त्या चौकोनांसारखी. अक्कांनी कोयता टाकून दिला.

तेव्हा मी एक उपाय सुचवला. पाड्याच्या देवाच्या झाडांना शेंदूर असतो आणि त्यांना कुणी कुऱ्हाड लावत नाही. मग पट्ट्यांवर शेंदूर फासू. एका दुपारचं काम.

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलींना ते पाहणं आयुष्यभर आठवत असेल. "तुझ्या वडिलांच्या छापखान्यात वाढलीस ना तू? जे आपण स्वतः मानत नाही, ते दुसऱ्याला भिववायला वापरायचं? मग त्या बुवांत आणि आपल्यात काय उरलं?"

आबा ओसरीवर हसले, पहिल्यांदाच त्या दिवशी. "आन देव असा एक दिनमा व्हस का, पोरी? त्याले बी इचारनं पडस."

होळीची लाकडं रचलेली होती, पोरं त्याभोवती पळत होती. अक्का दरीकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "आबा, पट्टा एका झाडाला असला तर ते तोडायचं. सगळ्या डोंगराला असला तर?"

आबांनी चिलीम तोंडातून काढली. "बठ्ठा डोंगर कोण तोडी? तितला मोठा कूप सरकारनं बी काढा नही."

चोपड्याच्या बाजारात चुन्याच्या दुकानातले शेठ, ज्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले, अक्कांना वर्षानुवर्षं ओळखत. पोत्यांची मागणी ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अक्का, दिवाळी लांब आहे. एवढा चुना कोणाला लावणार?"

"डोंगराला."

"डोंगर मानेल?"

"विचारून बघते."

टेम्पो भरत असताना समीरचा फोन आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं. अक्कांनी स्पीकर लावला, हात चुन्याने भरले होते म्हणून. "अक्का, असं करू नका. सगळ्यांना पट्टे मारले तर नमुना-तुकडे ओळखू येणार नाहीत. पडताळणीच होणार नाही. तुमचं सगळं काम, इतक्या महिन्यांचं... प्रस्ताव रद्द होऊ शकतो, समजतंय ना?"

"समजतंय."

"मग?"

"समीर, पडताळणीला तुम्ही पावसाळ्यानंतर येणार. ट्रॅक्टर सोमवारी येणार. तू येतोस का रविवारी?"

अक्कांनी मला फोन बंद करायची खूण केली.

हे लिहिताना सादडदरीच्या प्रस्तावावर 'क्षेत्रीय पडताळणी अशक्य, फेरसर्वेक्षण आवश्यक' असा शेरा आहे. खाणीचा अर्जही जिवंत आहे. दोन्ही कागद बहुधा एकाच कपाटात असतील. वरच्या दरीतली झाडं अजून उभी आहेत; त्या सोमवारी त्यांतलं एकही पडलं नाही. चुना पावसाने बराच धुतला गेला, पण ऑइलपेंट उन्हापावसाला दाद देत नाही; वरचा चुना विरला तसे खालचे मूळचे पट्टे पुन्हा चकाकू लागले आहेत. भावसिंग दर पंधरवड्याला त्यांवर नवा हात मारतो. यंदा तो ऊसतोडीला गेला नाही. ठेकेदाराचं नाव मी छापलं, बाजाराबाजारात वाटलं. त्यानंतर छापखान्याच्या दाराशी दोनदा कुणीतरी येऊन नुसतं उभं राहून गेलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

सगळा पाडा चढला होता. बायांच्या हातांत शिंदीच्या केरसुण्या, पुरुषांचे भोंगऱ्याचे नवे शर्ट चुन्याने माखलेले. अक्कांनी आधी चकाकणारे पट्टे झाकायला लावले, मग बाकीची झाडं. छातीच्या उंचीवर, अक्कांच्या छातीच्या, कारण पहिला पट्टा त्यांच्या मापाने पडला होता. उंच भावसिंगला दर झाडाशी वाकावं लागे आणि बाया त्याला हसत. जाड, बारीक, सरळ, वाकडी, कशालाच सूट नाही. अक्का प्रत्येक झाडाशी जात, पुटपुटत, हात फिरवत आणि पुढे. त्या अंजनांनंतर ज्या बाईने झाडावर सुतळीचा धागा राहू दिला नव्हता, तीच ही.

दुपार कलली तशी मला शेवटची एसटी गाठायला निघावं लागलं. अक्का मागे राहणार होत्या. "ट्रॅक्टर येईल तेव्हा मी इथे असले पाहिजे," म्हणाल्या. वळणावर मी मागे पाहिलं. साऱ्या उतारावर, नजर पोचेल तिथपर्यंत, एकाच उंचीची पांढरी रेघ चालली होती. महापूर येऊन ओसरल्यावर भिंतींवर राहते तशी, किंवा तो कुठवर येणार हे कुणी आधीच आखून ठेवावं तशी. एकही पक्षी बोलत नव्हता. खाली, फार खाली, कुठलंतरी इंजिन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

अक्का झाडांमध्ये सापडेनात. मग हलल्या म्हणून दिसल्या. दिवसभर खोडांना टेकून, दोन्ही हातांनी कवेत घेऊन चुना फिरवल्याने त्यांच्या साडीवर, बरोबर छातीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पांढरा पट्टा उमटला होता. त्यांना तो दिसत नव्हता. मी हाक मारली, "अक्का!"

त्यांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "हजर," म्हणाल्या, आणि इंजिनाच्या आवाजाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.